गरजेचे भाडे



अकरा महिन्यांचा करार संपत आला की एरवी मिस्साला एकाच बाकावर बसणारे घरमालक आणि भाडेकरू एकमेकांची नजर चुकवू लागतात. मालक म्हणतात, "परवडत नसेल तर दुसरीकडे बघा." भाडेकरूच्या मुलीची दहावी असते, भर वर्षात तो कुठे जाणार? निमूटपणे सही करतो. आता दोघांनीही सही केली, मग यात अन्याय कुठे झाला?

संत थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकात किमतीविषयी लिहिताना एक बारीक भेद केला आहे. देणाऱ्याचे नुकसान होत असेल तर त्याने जादा जरूर घ्यावे. पण केवळ घेणाऱ्याची नड मोठी म्हणून किंमत वाढवू नये, कारण जे आपले नाही ते विकता येत नाही. घर मालकाचे आहे. मुलीची दहावी त्याची नाही!

मजुरीच्या करारात नुसती संमती पुरेशी नाही, असे पोप लिओ तेरावे यांनीही १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम'मध्ये बजावले. भाड्यालाही ते लागू पडते, असे मला वाटते.

मात्र मेंटेनन्स वा घरपट्टी वाढली असेल, तर वाढ मागणे रास्तच. काही विधवा मातांची चूल भाड्यावरच पेटते. तिथे खोटी गरिबी सांगून भाडे पाडणारा भाडेकरूही दुसऱ्याच्या नडीचाच फायदा घेतो. घासाघीस करा, ते पाप नव्हे. पण आकड्याआधी कारण विचारा, कारण सांगा. आणि वाढ परीक्षेनंतर, जूनपासून धरता येईल का, एवढे तरी बोलून पाहा.