खाट कोणाच्या हक्काची?



मोठ्या उपचारासाठी आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील माणूस अकोला, संभाजीनगर गाठतो. तेथे धर्मादाय रुग्णालयात मोफत खाट मागताना गरिबाची मान खाली जाते. का जावी? मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार अशा मोठ्या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या आहेत. त्यांना करात सूट मिळते ती समाजाच्या पैशातून. म्हणून ही खाट भीक नव्हे, परतफेड आहे.

पण कायदा खाट देतो, आपुलकी नाही. चांगल्या शोमरोन्याने पैसे मोजण्याआधी जखमा बांधल्या. आपणही शेजारच्या रुग्णासोबत रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन जाऊ या आणि त्याच्या बाजूने उभे राहू या.