मधल्याची झीज

विंचूरला दिवाळीत जावे, तर चाळीत राहिलेल्या उन्हाळ कांद्याचा वास वेशीपासूनच सोबतीला येतो. दोन दिवसांनी तो जाणवेनासा होतो. पण गेल्या नरकचतुर्दशीला, उटण्याचा सुगंध अंगावर असतानाच, मळ्याच्या रस्त्यावरून एक निराळा वास आला. चिंधी आणि डांबर एकत्र जळावे तसा.

माझ्या पुतण्याने पुण्याहून मोटार आणली होती. लाल, दोन दारांची, बुटकी, हाताने गिअर टाकायची. तिच्याभोवती गावातली पोरे जमली होती आणि पुतण्या त्यांना ‘लाँच’ दाखवीत होता. क्लच दाबून इंजिनाला चार-साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत गर्जू द्यायचे आणि मग डावा पाय झटकन सोडायचा. चाके किंचाळत, रस्त्यावर दोन काळे पट्टे उमटत. “दादा, अजून एकदा!” असा ओरडा होई. सातव्या-आठव्या वेळी मात्र इंजिन तितकेच ओरडले आणि गाडी आपल्या आजोळी निघाल्यासारखी सावकाश सरकली. क्लच घसरू लागला होता.

भाऊबीज उलटल्यावर फाट्यावरच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवली आणि मधली चकती आमच्यापुढे ठेवली. तिचे अस्तर काचेसारखे चकचकीत झाले होते आणि रिव्हेटांची डोकी वर येऊ लागली होती. शेजारच्या जड चाकावर निळसर डाग पडले होते. “हे तापल्याचे,” मिस्त्री म्हणाला आणि हात पुसू लागला.

मी भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले, त्यामुळे घरी येऊन कागदावर आकडे मांडल्यावाचून मला राहवले नाही. इंजिन फिरत असते, चाके उभी असतात. दोघांचा वेग जुळेपर्यंत चकती घासत राहते. इंजिनाच्या फेऱ्या तेवढा वेळ सारख्याच राहिल्या असे धरले, तर गाडीला जितकी गती मिळते तितकीच शक्ती चकतीत उष्णता होऊन जाते. निम्मे गाडीला, निम्मे आगीला! बाराशे किलोची गाडी बेताने निघाली आणि ताशी १० किलोमीटरला वेग जुळला, तर ही उष्णता साडेचार-पाच किलोज्यूल. तोच वेग ३० ला जुळला, तर नऊपट. सुमारे ४२ किलोज्यूल. म्हणजे एक कप चहाचे पाणी उकळेल एवढी आच, दीड-दोन सेकंदांत, काही मिलिमीटर जाडीच्या अस्तरावर. ती निवायच्या आत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. अस्तर एकदा फार तापले की त्याची पकड कमी होते, पकड कमी झाली की ते अधिक घसरते, आणि घसरले की अधिक तापते.

पुतण्याने यावर एक चांगला मुद्दा काढला. पाय एकदम सोडला तर घसरण कमीच होते ना? खरे आहे. पण मग तो हिसका गिअरांचे दात, आस आणि चाके यांना सोसावा लागतो. दोन असमान वेग जोडायचे म्हटले की कोणीतरी सोसणे आलेच. आणि यंत्र करणाऱ्याने ते मुद्दाम चकतीच्या वाट्याला दिले आहे, कारण ती बदलता येते.

विंचूरकरांच्या गावात बसून हे लिहिताना पानिपत आठवणे अपरिहार्य आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारदी रोहिल्यांशी झुंजत असताना विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे घोडदळ ठरलेला गोल सोडून पुढे धावले आणि रोहिल्यांच्या बंदुकांपुढे टिकले नाही, असे इतिहासकार लिहितात. उपाशी, कोंडलेल्या फौजेतल्या स्वारांना मी घरबसल्या दोष देणार नाही. फार वेळ दाबून धरलेला पाय कधीतरी सुटतोच. पण गारदी तिथेच उभे होते, आणि त्यांची फळी कापली गेली.

त्या रात्री झोप येईना. आमच्या घरातही दोन वेग आहेत. दादा कांद्याच्या लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर लावून दुपारपर्यंत उभे राहू शकतात. मुलाला दहा मिनिटे थांबणे जमत नाही. मळ्याचे पुढे काय, या प्रश्नावरून दोघांत वीस वर्षे धुमसते आहे. पण त्यांचे भांडण कधी झाले नाही. मुलाला “बाबा ऐकतील हो” आणि नवऱ्याला “येईल तो” असे सांगणारे वहिनींचे माणूस मध्ये होते. त्यांच्या साठीला मीच भाषण केले होते, वहिनी चंदनासारख्या झिजल्या म्हणून. टाळ्याही बऱ्या पडल्या. आता वाटले, आपल्या भाषेने झिजण्याचे इतके कौतुक करून ठेवले आहे की घासणाऱ्याचे नाव कोणी विचारीतच नाही. हळू निघाले तरी चकती थोडी झिजतेच, हे कबूल. पण मध्ये कोणी आहे हे ठाऊक असून गर्जत राहणे निराळे.

सकाळी हे वहिनींना सांगितले. त्या करंज्यांचा डबा पुसत होत्या. “भावोजी, मी मध्ये नसते तर हे दोघे बोललेच नसते. मी फुकट गेले असं मात्र म्हणू नका,” त्या म्हणाल्या. माझा सिद्धान्त तेवढ्यावर लंगडा पडला, आणि अजून तो धड उभा राहिलेला नाही.

दुपारी पुतण्याने निराळाच विचार मांडला. जुनीच चकती साफ करून बसवायची. जपून चालवली तर महिना-दोन महिने निघतील, तेवढ्यात गाडी विकून टाकायची. “घेणारा बघून घेईल की.”

दादा ओट्यावर बसले होते. एरवी असे काही ऐकले की ते उठून मळ्यात जात. त्या दिवशी उठले नाहीत.

“मग मीही ट्रॉलीत खाली गोल्टी भरून वर मोठा कांदा रचू का?” त्यांनी विचारले.

“ते वेगळं आहे, बाबा.”

“कसं, ते सांग.”

पुतण्या गप्प राहिला. मी सवयीने वहिनींकडे पाहिले. आता त्या काहीतरी बोलतील, दोघांना सावरून घेतील. पण त्या डबा उचलून आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. बाप-लेक ओट्यावर दिवेलागणीपर्यंत बसले होते. अधूनमधून आवाज चढत होता.