किनारा रिकामा कोणी केला?

डिसेंबर लागला की कोकणातल्या रिसॉर्टांच्या जाहिराती फोनवर येऊन आदळायला लागतात. त्यातली एक मी मुद्दाम ठेवून दिली आहे. वर मोठ्या अक्षरांत निर्मनुष्य किनारा, पहाटेची फेरी, ‘ब्लू थेरपी’, तुम्ही आणि समुद्र, मध्ये कोणी नाही. खाली बारीक अक्षरांत, वस्ती आणि मासळीबाजारापासून सुरक्षित अंतरावर. सुरक्षित कोणापासून, हे लिहायची गरज जाहिरातवाल्याला वाटलेली नाही, आणि वाचणाऱ्यांपैकीही फारशा कोणाला ते खटकलं नसावं.

निसर्गात मनाला उतारा पडतो याबद्दल माझी तक्रार नाही. थंडीत समुद्रकाठाने चालायला मिळालं नाही तर मला वर्ष अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. पण हा उतारा माणसं वजा केल्यावरच मिळतो, अशी जी पुस्ती त्याला जोडली गेली आहे ती समुद्राने जोडलेली नाही. तिला इतिहास आहे, आणि तो फारसा सात्त्विक नाही.

हल्ली या पुस्तीला विज्ञानाचाही हवाला देतात, म्हणून आधी तो उरकून घेऊ. रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा ‘सायन्स’मधला निबंध सगळ्यांच्या तोंडी असतो. पेनसिल्वेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. पण त्या खोल्या दोन-दोन रुग्णांच्या होत्या. शेजारच्या खाटेवर कोणीतरी कण्हत असणार, परिचारिका आत-बाहेर करत असणार. खिडकीतली झाडं तेवढी होती, एकांताचा पत्ता नव्हता. २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून निघालेला ‘आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात’ हा आकडाही जाहिरातींत मिरवतो. त्या १२० मिनिटांत शहरातल्या बागा धरल्या होत्या, आणि वेळ सलग घालवला काय, तुकड्यातुकड्याने घालवला काय, फरक दिसला नव्हता. भोवती कोणी नसावं, अशी अट कुठेच नाही.

मग ही अट आली कुठून? याची एक ठरलेली गोष्ट सांगतात. पूर्वी लोक समुद्राला भीत, मग डॉक्टरांनी तो औषधी ठरवला, मग रोमँटिक कवींनी त्यात आत्म्याची विश्रांती शोधली, आणि शेवटी आगगाडीने गर्दी आणून सगळ्याची माती केली. गोष्ट सुटसुटीत आहे, पण तिच्यातला एक दुवा उलटा बसवला आहे. त्यासाठी ब्रायटनला जावं लागेल.

ससेक्समधल्या ल्यूइस गावच्या डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला आणि थोड्याच वर्षांत शेजारच्या ब्रायटन या मच्छीमारांच्या गावी बिऱ्हाड हलवलं. ते रुग्णांना खारं पाणी प्यायलाही देत. त्यांच्या उपचारात शांतता कुठेच नव्हती. गार पाण्यात बुडवून अंगाला जबर हिसका द्यायचा, हाच उपचार. त्यामुळे थंडी सोयीचीच ठरे. कादंबरीकार फॅनी बर्नी १७८२च्या नोव्हेंबरात उजाडायच्या आत, चंद्राच्या फिक्या उजेडात मैत्रिणींबरोबर इथल्या समुद्रात उतरली. पाण्यात धरून बुचकळायला तिथल्या बायका पगारी हजर होत्या. हिवाळी समुद्राचा हा आद्य ‘उपचार’ म्हणजे चक्क धांदल आणि किंकाळ्या.

शांतता नंतर आली, आणि ती आणावी लागली. ब्रायटनच्या मधोमध स्टीन नावाचं मोकळं गवताळ मैदान होतं. मच्छीमार तिथे होड्या ओढून ठेवत आणि जाळी वाळत घालत. हवापालटासाठी येणाऱ्या मंडळींना फिरायला तीच जागा आवडली. मग जाळी पायात यायला लागली, वास यायला लागला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टीनला कुंपण पडलं आणि मैदान हळूहळू फेरफटक्याचं उद्यान झालं. जाळी कुठे गेली, हे ठरलेल्या गोष्टीत कोणी सांगत नाही. आगगाडी १८४१ साली आली. म्हणजे किनारा ‘निवांत’ करण्याचं काम गर्दीच्या कितीतरी आधी, गर्दीच्या नावावर न टाकता, तिथल्याच लोकांना बाजूला सारून सुरू झालं होतं. रेल्वेने त्याला फक्त ऋतू दिला. उन्हाळ्यात लंडनचे कारकून आणि कामगार स्वस्त तिकिटावर येऊ लागले, तेव्हा बडी माणसं शरद-हिवाळ्यात येऊ लागली. राणी व्हिक्टोरियाला तेवढंही पुरलं नाही. १८४५ साली तिने वाइट बेटावर ऑस्बर्न हाउस घेतलं, ज्याला स्वतःचा किनारा होता, आणि ब्रायटनचा राजवाडा १८५० साली नगराला विकून टाकला. निर्मनुष्य किनाऱ्यावरची हिवाळी फेरी हे सौंदर्यदृष्टीचं फळ आहे असं आपण धरून चालतो. मला तरी ती आधी दर्जाची खूण दिसते. कविता तिला मागाहून चिकटवली गेली.

कवींना यात ओढलं जातं तेही अन्यायाने. वर्ड्‌स्वर्थचं नाव प्रत्येक निसर्ग-उपचाराच्या पत्रकावर असतं. त्याचा सख्खा भाऊ जॉन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘अर्ल ऑफ अ‍ॅबरगॅवेनी’ जहाजाचा कप्तान होता. १८०५च्या फेब्रुवारीत, पूर्वेकडे निघालेलं ते जहाज वेमथजवळ बुडालं आणि तोही बुडाला. वेमथ म्हणजे तेच गाव, जिथे तिसरा जॉर्ज प्रकृतीसाठी समुद्रस्नानाला जात असे. त्यानंतर एका वादळातल्या किल्ल्याच्या चित्रावर लिहिलेल्या कवितेत वर्ड्‌स्वर्थने आपल्याच जुन्या नजरेचा निरोप घेतला. शांत समुद्राचं जे चित्र आपण काढलं असतं ते भ्रम होता, असं त्याने कबूल केलं, आणि माणसांपासून तोडून मिळणाऱ्या सुखाला तिथे थेट नकार दिला. चित्रकार कॉन्स्टेबल १८२४पासून क्षयाने आजारी बायकोसाठी ब्रायटनला येत राहिला. तिथल्या नटव्या गर्दीचा त्याला वीट होता, पण म्हणून त्याने किनारा रिकामा रंगवला नाही. १८२७ साली प्रदर्शनात मांडलेल्या त्याच्या मोठ्या ब्रायटन-चित्रात होड्या आहेत, कामातली माणसं आहेत. बायको १८२८ साली गेली. समुद्राचं औषध लागू पडलं नाही.

आणि आता ते नाव, जे मराठी वाचकाच्या जिभेवर मघापासून आलं असेल. १९०९च्या डिसेंबरात याच ब्रायटनच्या किनाऱ्यावर सव्वीस वर्षांचे सावरकर बसले होते. सोबत निरंजन पाल होते. थोरले बंधू बाबाराव यांना जूनमध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, ऑगस्टमध्ये मदनलाल धिंग्रा फासावर गेले होते. ज्या किनाऱ्यावर दीडशे वर्षं लोक दिलाशासाठी येत होते, त्याच किनाऱ्यावर, त्याच प्रतिष्ठित ऋतूत, मराठीतलं सगळ्यात प्रसिद्ध समुद्रगीत जन्मलं. ते आपण देशभक्तिगीत म्हणून गातो, ते आहेच. निसर्गविचाराच्या इतिहासात मात्र त्याला कोणी बसवत नाही, आणि ही मला मोठी चूक वाटते. समुद्राने आपल्याला शांत करावं अशी अपेक्षाच त्या गीतात नाही. तिथे समुद्राशी भांडण आहे, दिलेल्या शब्दाची आठवण आहे, फसवल्याचा आरोप आहे, शेवटी अगस्तीच्या नावाने धाक आहे. मनावरचं ओझं हलकं होतं ते समोरच्याला जाब विचारता येतो म्हणून. या गीताचा समुद्र ऐकणारा आहे, त्याच्यावर रुसता येतं. बालकवींचा निसर्ग आनंदाचा आणि सावरकरांचा समुद्र राजकारणाचा, अशी वाटणी आपण शाळेतच करून ठेवली, त्यामुळे हे दिसलं नाही.

ही रीत त्यांनी ब्रायटनला शोधून काढलेली नव्हती. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात तेव्हाही आर्जव असतं, मान असतो, भीती असते आणि त्याच्याकडे मागणं असतं. मुंबईचा माणूस मन विटलं की चौपाटीवर जातो, तो गर्दीत भेळ खात बसतो. त्याला निवांतपणा मिळत नाही असं त्याच्या तोंडावर म्हणून बघा. इंग्रजांनी इथे थंडावा आणि आरोग्य शोधलं ते महाबळेश्वर-माथेरानच्या डोंगरांत. त्यांच्या लेखी इथला समुद्र विलायतेची वाट होता. त्यामुळे रिकाम्या किनाऱ्याची कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात रुजली नाही. ती विसाव्याच्या अखेरीस पर्यटनासोबत तयार मालासारखी आली, आणि येताना ऋतूही घेऊन आली. नेमका तो ऋतू इथे चुकीचा आहे.

ब्रायटनला हिवाळ्यात किनारा ओस पडत असेल, कोकणात तो कामाला लागतो. आपल्याकडे यांत्रिक मासेमारीला बंदी १ जून ते ३१ जुलै, खवळलेल्या समुद्राचे आणि माशांच्या विणीचे ते दिवस. किनारा खरा रिकामा असतो तो तेव्हा. पाऊस सरला, समुद्र निवला की जाहिरातीतली ती ‘शांतता’ येते, आणि समुद्र शांत आहे म्हणूनच होड्या बाहेर पडतात. सिंधुदुर्गात रापण लागते. दोन्ही बाजूंनी दोर ओढणाऱ्यांची रांग आणि मग वाळूवरच वाटे. उत्तरेकडे वसई-अर्नाळ्याला बांबूच्या मांडवांवर बोंबील चढतात. उन्हात जाळी विणायला माणसं बसलेली असतात. उत्तरेतून आलेले कुरव त्या माशांच्या कचऱ्यावरच टपून असतात. पक्षी बघायला येणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात तीही थंडीतच. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे काम सुरू केलं तेव्हापासून गावातली माणसं पहाटे किनाऱ्यावरून चालतात, वाळूतली पावलं शोधतात, अंडी सुरक्षित जागी हलवतात. ही माझ्या माहितीतली सगळ्यात चांगली हिवाळी फेरी. चालणाऱ्याच्या मनाला त्यातून काय मिळतं हे विचारायला कोणी जात नाही, कारण त्यांना त्या वेळी काम असतं.

त्यामुळे वस्तीपासून सुरक्षित अंतर हा प्रश्न माझ्यापुरता रुचीचा राहत नाही, जमिनीचा होतो. २०१९च्या सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने पर्यटकांसाठी तात्पुरत्या शॅक, स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या भरतीरेषेपासून दहा मीटरवर उभारायला वाट करून दिली आहे. तो पट्टा मोकळा पडलेला नाही. होड्या ओढायच्या, जाळी पसरायच्या, मासळी सुकवायच्या जागा त्यातच येतात. या जागा किनारा व्यवस्थापन आराखड्यांत दाखवाव्यात असं नियमांत आहे, आणि आराखड्यांवर लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. कोळीवाड्यांतून त्या येतात, चिकाटीने येतात. ब्लू थेरपीला येणाऱ्यांपैकी कोणी, बोंबलाच्या मांडवांची जागा नकाशातून सुटली आहे म्हणून हरकत घेतल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.