विक्रेत्याचें मौन

असत्य बोलणें हें पाप होय, याविषयीं नीतिशास्त्रांत फारसा मतभेद नाहीं. परंतु सत्य न बोलणें हें कितपत पाप आहे, या प्रश्नापाशीं येतांच शास्त्री घुटमळतात आणि विक्रेता मात्र सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रश्न जुना आहे. त्याचें एक अगदीं आजचें उदाहरण घेऊं.

एखाद्या विद्यार्थ्याजवळ आठदहा वर्षांचा संगणक असतो. त्यावर नवे खेळ चालावेत ही इच्छा, आणि पैसे बेताचे. सबंध यंत्र न बदलतां केवळ ग्राफिक्स कार्ड बदलावें, हा त्याचा विचार शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. प्रथम तो विजेचा हिशेब करितो. कारण मुख्य फलकावरील खांचेंतून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात, आणि २०१७ सालच्या रेडिऑन आरएक्स ५८० सारख्या कार्डाला १८५ वॅट लागतात. तो हिशेब जमला, कीं तो कोणा गृहस्थाकडील वापरलेलें कार्ड शोधूं लागतो. येथवर प्रश्न गणिताचा. पुढें तो नीतीचा होतो.

या जातीचीं पुष्कळ कार्डें इथीरियम नामक आभासी चलनाच्या 'खाणकामा'वर अहोरात्र राबलेलीं आहेत. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं त्या चलनाची पद्धति बदलली, खाणकाम थांबलें, आणि बेकार झालेलीं कार्डें बाजारांत आलीं. अशा कार्डाचे पंखे झिजतात, उष्णता वाहून नेणारा लेप सुकतो. तथापि कित्येक कार्डें पुढेंही नीट चालतात. विक्रेता कार्ड पुसतो, चालवून दाखवितो, आणि पूर्वेतिहासाविषयीं गप्प बसतो. त्यानें फसविलें काय?

दुकानदाराला ग्राहकसंरक्षणाचे निराळे नियम आहेत. पण दोन खासगी माणसांच्या सौद्यांत १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें सतरावें कलम पाहावें. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, असें तें सांगतें, आणि उदाहरण घोड्याचें देतें. घोडा सदोष आहे हें ठाऊक असून लिलावांत विकणारा बोलला नाहीं, तर तें कपट नव्हे. मात्र घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें.

हाच वाद सिसेरोनें ख्रिस्तपूर्व ४४ सालच्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत मांडला आहे. बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगेल तेवढेच दोष सांगावेत. अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जें ठाऊक तें घेणाऱ्यालाही ठाऊक असावें. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूस आहे.

आमच्या विक्रेत्याचा उत्तम बचाव असा: 'कार्ड बिघडेल कीं नाहीं हें मलाच ठाऊक नाहीं, मग सांगूं काय?' हा बचाव वरवर बळकट दिसतो. परंतु पूर्वेतिहास क्षुल्लक आहे असें त्यास खरोखर वाटत असतें, तर तो सांगण्यास तो भ्याला नसता. सांगितल्यास किंमत उतरेल, हीच त्याची भीति. म्हणजे ती गोष्ट घेणाऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे, अशी साक्ष त्याचें मौनच देतें. तो दोष लपवीत नसेल, पण धोका लपवितो, आणि जो तो सोसण्यास सर्वांत असमर्थ त्याच्याच गळ्यांत बांधतो.

'घेणाऱ्यानें विचारावें' असें कोणी म्हणेल. त्यानें अवश्य विचारावें. पण काय विचारावयाचें हें ज्याला कळतें तो अर्धा सुरक्षितच असतो. मौनाचा घाव न कळणाऱ्यावर पडतो. मुलीच्या बाबतींत कायद्यानें जें मानलें, तेंच नीतीनें परक्याच्या मुलाबाबत मानावें, एवढीच आमची मागणी आहे.

मात्र हा नियम एकतर्फी नव्हे. मुलगा परदेशीं गेल्यावर त्याचा संगणक रद्दीच्या भावानें विकणाऱ्या वृद्ध मातापित्यांना आंतील कार्डाचें मोल ठाऊक नसतें. विद्यार्थ्याला तें असतें. आतां मौन त्याला फायद्याचें आहे! सिसेरोच त्याला मार्ग दाखवितो. स्कीव्होला नांवाच्या रोमन गृहस्थानें जमीन घेतांना विक्रेत्यानें सांगितलेली किंमत कमी आहे असें म्हणून आपण होऊन एक लाख नाणीं अधिक दिलीं. तो सज्जन ठरला, पण त्याला शहाणा म्हणण्यास कित्येक तयार नव्हते. सज्जनपणा आणि शहाणपणा यांची अशी फारकत ज्या समाजानें एकदां मान्य केली, त्यांत प्रत्येक सौद्याच्या वेळीं दोघांनाही परस्परांचें मौनच तपासीत बसावें लागतें.