लवाजमा सोडलेले क्रियापद

इंग्रजी शिकणारे मूल ‘मला कंटाळा आलाय’ याचे ‘आय ॲम बोअरिंग’ असे भाषांतर करते, तेव्हा त्याला एक सोपा नियम हाती दिला जातो: माणसाला ‘बोअर्ड’, वस्तूला ‘बोअरिंग’. नियम सोपा आहे, पण खोटा आहे. रटाळ बोलणारा वक्ता माणूस असूनही ‘बोअरिंग’च असतो आणि निर्जीव कप ‘ब्रोकन’ होतो. पाहायचे ते एवढेच, की मूळ क्रियेत कंटाळा आणणारा कोण आणि तो ज्याला येतो तो कोण. मराठीत कंटाळा आपणहून येतो. तो आणणारा वाक्यात असावाच लागत नाही. मुलाची अडचण इथे आहे आणि नियम तिला स्पर्शही करत नाही.

या रूपांचा दुहेरी स्वभाव जुन्या वैयाकरणांनी फार पूर्वी ओळखला होता. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत. त्यांतली एक खास या रूपांसाठी आहे, कारण त्यांच्यात नामाचेही गुण आहेत आणि क्रियापदाचेही. आपण त्यांना धातुसाधित विशेषणे म्हणतो, आणि इंग्रजीतले पार्टिसिपल म्हणजे तेच, असे शिकवून पुढे जातो. मला हे समीकरण पटत नाही.

‘आईने काल केलेले लाडू’ घ्या. ‘केलेले’ हे लाडवांचे विशेषण खरे, पण त्याने कर्ता सोडला नाही, काळ सोडला नाही. सगळा लवाजमा घेऊन ते नामाच्या आधी उभे आहे. इंग्रजीत हे चालत नाही. तिथे नामाच्या आधी जागा हवी असेल तर पार्टिसिपलला एकटे यावे लागते, फार तर एखादे क्रियाविशेषण सोबत. कर्ता आणायचाच असेल, तर ते नामाच्या मागे जाते. मराठी धातुसाधित विशेषण होऊनही क्रियापद राहते. इंग्रजी पार्टिसिपल विशेषण होण्यासाठी क्रियापदपण बरेचसे टाकून देते.

नकारात हा फरक लख्ख दिसतो. आपण ‘न वाचलेले पुस्तक’ म्हणतो. हा ‘न’ क्रियेचा नकार आहे. इंग्रजीत ते ‘अनरेड’ होते. ‘अनरीड’ असे क्रियापद रूढ नाही, म्हणजे ‘अन’ हा उपसर्ग लागला तो विशेषणाला. ‘अनफिनिश्ड’चेही तसेच.

आणि प्रत्येक क्रियापदाला हे दार उघडत नाही. ‘फॉलन लीव्ह्ज’, ‘रिटायर्ड टीचर’, ‘एस्केप्ड प्रिझनर’ चालतात. पण ‘झोपलेले मूल’ म्हणून ‘स्लेप्ट चाइल्ड’ म्हणता येत नाही, ‘स्लीपिंग’ म्हणावे लागते. पान पडले, शिक्षक निवृत्त झाले, कैदी निसटला, की त्यांची स्थिती बदललेली असते. मूल झोपून उठले, तर तसे काही मागे उरत नाही. अकर्मक क्रियापदांत भूतकालवाचक रूप विशेषण होते ते बहुधा असा परिणाम उरतो तिथेच. मराठीला ही अट नाही. ‘झोपलेले’, ‘हसलेले’, ‘जेवलेले’ सगळे चालते. म्हणून आपल्या मुलांना क्रियापदाच्या तीन रूपांचा तक्ता पाठ करून भागत नाही. तिसरे रूप कुठल्या क्रियेचे आहे आणि ती क्रिया मागे काय ठेवते, हे विचारायला शिकवले पाहिजे. आठवीच्या मुलांना हे कळते. विचारले मात्र पाहिजे.

काही रूपे तर विशेषणपणात इतकी मुरली, की क्रियापदाने त्यांना सोडूनच दिले. वितळण्याचे आजचे रूप ‘मेल्टेड’. ‘मोल्टन’ उरले ते लाव्हारसासारख्या, वितळलेल्या धातूसारख्या गोष्टींपुरते. ‘ड्रंकन’, ‘संकन’ यांचेही बहुतांशी तेच. कुठे फक्त उच्चार वेगळा झाला: अक्षरे तीच, पण ‘शिकले’ या अर्थी ‘लर्न्ड’ एका दमात म्हटले जाते आणि ‘विद्वान’ या अर्थी ‘लर्निड’ असे दोन अवयवांत.