टाकीतला मासा, ताटातला मासा

रत्नागिरीत राहून मासे पाळतो म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "पाळून पुढे काय, तळतोस?" प्रश्न अगदीच गैर नाही. मिरकरवाडा बंदर आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. आठवड्यातले चार दिवस आमच्याकडे मासे होतात आणि बांगडा असला की पहिली तुकडी मीच उचलतो. त्याच घरात, हॉलमध्ये, चार फुटी काचेच्या टाकीत एक ऑस्कर आहे. त्याच्यापायी मी दोन लग्नं चुकवली, पुण्याची एक बरी नोकरी सोडून दिली आणि एकदा बाबा माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. ही विसंगती मला दिसते. ती मिटवता आलेली नाही, पण तिच्याबद्दल जेवढं उमगलं तेवढं लिहितो.

मार्च २०२० मध्ये कंपनीने लॅपटॉप घेऊन घरी जायला सांगितलं. त्या वर्षी दिवाळीच्या आसपास मी दोन फुटी टाकी आणली, सोबत सहा गोल्डफिश. नऊ दिवसांत सहाही मेले. दुकानदार म्हणाला, "पहिले मरतातच हो." मला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. मग त्या दुकानाबाहेरच्या बाकावर नेहमी बसणाऱ्या एका काकांनी, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या, मला बाजूला बसवून विचारलं, "पाणी किती दिवस मुरवलंस?" मी गप्प. "लोणचं मुरल्याशिवाय खातोस काय? मग पाणी का नाही मुरवलंस?"

त्यामागची केमिस्ट्री मी नंतर वाचली. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात एका जातीचे बॅक्टेरिया जमले की ते त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सोसतं. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मी टाकी धुऊनपुसून लख्ख केली होती आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले होते. म्हणजे ते सहाही स्वतःच्याच अमोनियात हळूहळू भाजले. 'मासे मेले' आणि 'मी मासे मारले' यांतला फरक मला तेव्हा पहिल्यांदा जाणवला. बाजारातून आणलेल्या बांगड्याबद्दल मात्र असं कधी वाटलेलं नाही, आजही वाटत नाही.

का वाटत नाही? रविवारी संध्याकाळी मारुती मंदिरजवळच्या त्या बाकावर आम्ही चौघं जमायचो: मी, काका, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातला एक विद्यार्थी, आणि मिरकरवाड्याचा एक मित्र, जो पर्ससीन बोटीवर खलाशी आहे आणि घरी गप्पी आणि फायटर वाढवतो. गप्पा बहुतेक व्हाइट स्पॉटवर मीठ किती घालावं, विहिरीचं पाणी वापरावं की नळाचं, अशाच. पण हा प्रश्न मधून मधून डोकं वर काढायचा.

माझं पहिलं उत्तर भाषेतलं होतं. आपल्याकडे खायची ती मासळी, नाहीतर म्हावरं. पाळतो तो मासा. म्हणजे भाषेनेच दोघांची जात वेगळी केली आहे. (हे पूर्ण खरं नाही. 'मासे खायला मालवणला गेलो होतो' असंही आपण म्हणतोच.) दुसरं उत्तर विद्यार्थ्याने दिलं, विज्ञानातलं. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचून पाहिलं. ॲसिड टोचलेले मासे टाकीतल्या खडीवर ओठ घासू लागले. टोचलेल्या माशांनी बराच वेळ खाणं टाळलं. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. उलट ऑस्ट्रेलियातले ब्रायन की म्हणतात की माशाच्या मेंदूत निओकॉर्टेक्सच नाही, तेव्हा वेदनेची जाणीव असणं शक्य नाही. मला स्नेडनबाईंचं म्हणणं अधिक पटतं. पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही, कारण दुखत असेल तर दोघांनाही दुखत असणार. बांगड्याचे मज्जातंतू ऑस्करपेक्षा हलके आहेत असं कोणीच म्हणत नाही.

तिसरं उत्तर मला कायद्यात सापडलं, तेही अपघाताने. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव. त्याच्या ११व्या कलमात, ज्यात जीवाला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या उंचीच्या, लांबीच्या, रुंदीच्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात त्याला कोंडणं हा गुन्हा आहे. आणि त्याच कलमात पुढे, माणसाच्या अन्नासाठी प्राणी मारण्याला सूट आहे, अनावश्यक यातना दिल्या नाहीत तर. म्हणजे मासा मारून खाल्लास तर चालेल, पण बरणीत ठेवलास तर गुन्हा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. हळूहळू वाटू लागलं की यात काहीतरी शहाणपण आहे. समुद्रातल्या बांगड्याचं आयुष्य त्याचं त्याने काढलेलं असतं; आमचा संबंध फक्त शेवटच्या तासाचा. टाकीतल्या माशाचा एकही तास माझ्याशिवाय जात नाही. पाण्याचा पीएच माझा, उजेड माझा, भूक माझ्या वेळेची. त्याची नदी मी काढून घेतली आहे आणि तिच्या जागी मी उभा आहे. म्हणून त्याचं देणं जास्त.

हे मी बाकावर मोठ्या ऐटीत मांडलं. मिरकरवाड्याचा मित्र ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तो शेवटचा तास तू बघितलायस काय रे? ये एकदा बोटीवर. जाळं वर येतं, डेकवर रास पडते, वरच्याचा जीव खालच्याच्या आधी जातो. तुझा कायदा तिथे चढून बघ." आवाजात राग नव्हता. मी अजून गेलेलो नाही. जायला हवं हे मला कळतं. का जात नाही तेही कळतं.

आता ऑस्करबद्दल. जानेवारी २०२१ मध्ये मी तो साठ रुपयांना घेतला. तेव्हा दोन इंचांचा होता. तो फूटभर होतो हे मला माहीत नव्हतं, दुकानदाराला होतं. दोन फुटी टाकीत मावतं जेमतेम सत्तावन्न लिटर पाणी. मे महिन्यापर्यंत तो वळताना शेपूट काचेला घासायला लागली. ११वं कलम माझ्या हॉलमध्येच येऊन बसलं.

तौक्ते आलं १६ मे २०२१ ला. दुपारी वीज गेली ती पुढे दोन दिवस आली नाही. एअरपंप बंद, फिल्टर बंद. आणि फिल्टर बंद पडला की त्यातले बॅक्टेरियाही गुदमरतात. मी मगाने टाकीतलंच पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतत राहिलो, म्हणजे त्यात हवा मिसळते. दर वीस मिनिटांनी, रात्रभर. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून. पहाटे मागच्या आळीतल्या एका आजींच्या पडवीवर फणस पडला. बाबा कोयता घेऊन निघाले, मला हाक मारली. मी म्हटलं, "आलोच, एवढं पाणी करून." तो 'एवढं' एक तासाचा झाला. मी पोचलो तेव्हा फांद्या बाजूला झाल्या होत्या आणि आजी माझ्या बाबांच्या हाताला हळद लावत होत्या. त्या दोघांपैकी कोणीच मला काही बोललं नाही. बाबा तर पुढचे तीन आठवडे बोलले नाहीत.

बाबा बरोबर होते. काचेत कोंडलं म्हणून देणं जास्त, या माझ्या सिद्धान्तात भोक पडलं ते इथे. आजींना मी कुठे कोंडलं नव्हतं, त्यांचं पडवीचं छप्पर माझ्या वेळेवर चालत नव्हतं, तरी त्या तासावर त्यांचाच हक्क होता. जबाबदारी आपण ओढवून घेतलेली असते तशी काही न करता आलेलीही असते, आणि दुसरी पहिलीच्या रांगेत मागे उभी राहत नाही. हे मला बाबांना सांगता आलं नाही. मी जाऊन आजींची पन्हळ बसवून दिली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरकरवाड्याचा मित्र आला. दोन रात्री बोटी बांधण्यात जागला होता, डोळे लाल. दारातूनच विचारलं, "आहे काय रे तो?" होता.

जूनमध्ये निर्णय घ्यावा लागला. आईचं म्हणणं सरळ होतं: "काजळीत सोडून ये. मोकळा होईल बिचारा." पुण्याचंच काम वाटलं तिला, तलावात कासव सोडतात तसं. विद्यार्थ्याने डोक्याला हात लावला. मूळ आफ्रिकेतला चिलापी १९५२ मध्ये भारतात आणला, आता उजनीत काय आहे ते जाऊन बघ, म्हणाला. ऑस्कर जगला तर काजळीतली लहान मासळी खाऊन जगेल, नाही जगला तर उपाशी मरेल. मला त्याहून विचित्र वाटलं ते वेगळंच. ऑस्करचं मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पण हा बहुधा चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी सिमेंटच्या हौदात जन्मलेला. मिस केरळ घ्या: सह्याद्रीतल्या नद्यांतला मासा, हौशी लोकांसाठी इतका पकडला की आज आययूसीएनच्या यादीत तो धोक्यात आलेला म्हणून नोंदला आहे. त्याच्या बाबतीत 'घरी जाऊ द्या' याला अर्थ आहे; त्याला नदी आहे. माझ्या ऑस्करला परत पाठवायला जागाच नाही. मोकळं सोडणं ही माझी सुटका झाली असती, त्याची नाही.

दुसरा मार्ग काकांनी खालच्या आवाजात सांगितला: लवंगेचं तेल. हळूहळू गुंगी येते, मग मात्रा वाढवायची. त्रास होत नाही. मी बाटली आणली. तीन दिवस टेबलावर ठेवली. ज्या माणसाला बांगड्याच्या डोळ्यात बघून काही वाटत नाही, त्याला साठ रुपयांच्या माशाच्या पाण्यात दहा थेंब टाकता येईनात. यात न्याय कमी आणि ओळख जास्त होती, हे मान्य आहे. मी टाकीजवळ गेलो की तो काचेला तोंड लावून उभा राहायचा. खाण्यासाठीच असेल. ती बाटली आता आईच्या दाढदुखीला कामी येते.

राहिली चार फुटी टाकी. चार बाय दीड बाय दीड, म्हणजे अडीचशे लिटरच्या वर पाणी, काच धरून तीनशे किलोहून जास्त वजन. जुन्या घराची जमीन ते सोसेल का, हे बघायला बाबांनीच गवंड्याला बोलावलं. तीन आठवड्यांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य होतं, "खाली जांभ्याचा चौथरा घालून घे, नाहीतर तुझा अमेरिकन आम्हाला घेऊन बुडेल."

आता कंपनी आठवड्यातले तीन दिवस पुण्याला बोलावते. मी अजून टाळतोय, पण फार काळ टाळता येणार नाही. ऑस्कर दहा वर्षं सहज जगतो. त्याची पहिली पाचच झाली आहेत. फिल्टर धुवायला बाबा शिकलेत, नळाचं पाणी वापरत नाहीत, विहिरीचं भरून ठेवतात. कोलंबी आणली की आई सोलायला बसते, आणि हळद-मीठ लावायच्या आधी दोन कोलंब्या वाटीत बाजूला काढते. परवा मी विचारलं, त्याच्यासाठी ना? म्हणाली, "मग काय, मसाल्याच्या घालू?"