जुना कागद कुणाचा?

तळेगाव म्हटले की पुण्याची माणसे मावळातल्या दाभाड्यांच्या तळेगावाकडे बोट दाखवतात. वेळ नदीकाठचे, शिरूर तालुक्यातले तळेगाव ढमढेरे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागते. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावला कारखाने आले, उसा-कांद्याच्या रानांत प्लॉटिंगचे दगड उभे राहिले. अशा गावांत वाडा पडतो, भावाभावांत वाटणी होते, तांब्या-पितळेची भांडीसुद्धा मोजून घेतली जातात. माळ्यावरचे कागदांचे गाठोडे मात्र कुणी मागत नाही. ते मोडीत असते. मग ते रद्दीत जाते, नाहीतर 'आमच्या घराण्याचे' म्हणून पेटीत कुलपाआड राहते. गावाला दोन्ही सारखेच.

कागद घरचा, तेव्हा तो दाखवायचा की नाही हे घरच ठरवणार, असे कुणी म्हणाले तर ते सहज खोडून काढता येत नाही. त्यात गहाणाची, भाऊबंदकीची लाज असते. पण महजर घ्या. तो एका घराने लिहिलेला नसतोच. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार बसायचे. अक्षर न येणारा आपल्या अवजाराची निशाणी करायचा, पाटलाची निशाणी नांगर. गावगाड्यात मुलाणीही होता. ज्यावर साऱ्या गावाची साक्ष, तो कागद आपल्या पेटीत असला तरी आपली मिळकत नव्हे. त्याला आपण अमानत म्हणतो.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या मुलांना मोडी येत नाही, पण त्या कागदावरची तारीख वाचून दाखवली तर त्यांचे कान टवकारतील. 'समान अशर मयातैन व अलफ': आठ, दहा, दोनशे आणि हजार, म्हणजे 1218. हा सुहूर सन. आकडे अरबी, वर्षाचा आरंभ मात्र मृगाला, पेरणीच्या तोंडावर. 599 मिळवले की 1817 चा जून येतो. कोरेगावची 1 जानेवारी 1818 ची लढाई याच सालातली. मराठी कुळकर्णी अरबीत साल लिहीत होता आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते.

इथे आमच्याच लोकांशी आमचे भांडण आहे. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्वाचा कायदा झाला तेव्हा घरोघरी पेट्या उघडल्या गेल्या. कशासाठी? पुराव्यासाठी. भीती खोटी नव्हती. पण पुराव्यासाठी पेटी उघडणारा कामाचा कागद ठेवतो आणि बाकीचे बाजूला सारतो. 'मुसलमानांचे योगदान' अशी यादी करणाराही तेच करतो. परीक्षकापुढे उभे राहून लिहिलेला इतिहास गावाचा कसा होईल?

जवळच्याच वढू बुद्रुकला डिसेंबर 2017 च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद पेटला. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला, एक तरुण जिवाला मुकला. फलकावर चार ओळी मावतात. महजरात अग्रवादी आणि पश्चिमवादी, दोघांचाही करीना लिहिलेला असे; हरणाऱ्याचे म्हणणेही वगळले जात नसे.

तेव्हा गाठोडे उघडायचे तर सगळे उघडावे लागेल. त्यात मुलाण्याच्या हक्काचा कागद निघेल, तसा मुलाण्याने दुसऱ्याचा हक्क बुडवल्याचाही निघू शकेल. फोटो दोन्हींचे काढायचे, आणि पहिला संच गावाच्या वाचनालयात द्यायचा.